मॅकेंझी कोर्स, भाग ए ते डी: हाताने उपचार करणाऱ्यांसाठी एक सविस्तर परीक्षण

पालथं झोपा, तळहात खांद्यापाशी टेकवा, छाती उचला, दहा वेळा. कंबर धरलेल्या माणसाच्या हातात ‘मॅकेंझी’ म्हणून पडतो तो बहुतेकदा एवढाच झेरॉक्सचा कागद. त्यामुळे या नावाचा चार भागांचा मोठा कोर्स आहे आणि त्यातला बराचसा वेळ व्यायामावर नव्हे तर तपासणीवर जातो, हे ऐकून अनेक फिजिओथेरपिस्टही चकित होतात. कायरोप्रॅक्टरांचं, म्हणजे मणक्यावर हाताने झटका देऊन उपचार करणाऱ्यांचं, तर विचारायलाच नको. त्यांचं शिक्षण हाताच्या कौशल्याभोवती उभं असतं आणि हा कोर्स पहिल्याच दिवशी सांगतो की हात जरा मागे ठेवा, आधी रुग्णाच्याच हालचालीने काय होतं ते बघा.

आमच्या मते तो करण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे. कसं ते पुढे सविस्तर येईलच, पण आधी थोडी ओळख.

रॉबिन मॅकेंझी हे न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट. १९५६ साली वेलिंग्टनमधल्या त्यांच्या दवाखान्यात पायात कळ जाणारा एक रुग्ण आला. त्याला खोलीत जाऊन पालथं झोपायला सांगितलं होतं. टेबलाची डोक्याकडची बाजू आधीच्या रुग्णासाठी उचललेली होती, ती तशीच राहिली होती. त्या वेळच्या समजुतीप्रमाणे कंबर इतकी मागे वाकवणं धोक्याचं. थोड्या वेळाने मॅकेंझी आत आले तेव्हा पायातली कळ गेली होती आणि दुखणं कमरेच्या मध्यावर येऊन थांबलं होतं. दूरचं दुखणं मणक्याकडे सरकण्याच्या या घटनेला पुढे ‘सेंट्रलायझेशन’ हे नाव मिळालं. १९८२ मध्ये मॅकेंझी इन्स्टिट्यूट इंटरनॅशनल स्थापन झाली. २०१३ मध्ये मॅकेंझी वारले, पण कोर्स त्याच चौकटीत चालू आहे आणि भारतातही संस्थेची शाखा आहे. पद्धतीचं औपचारिक नाव मेकॅनिकल डायग्नोसिस अँड थेरपी, बोलताना एमडीटी.

भाग ए कमरेचा. भाग बी मानेचा आणि पाठीच्या वरच्या भागाचा. सी मध्ये कमरेचा पुढचा अभ्यास आणि पाय, डी मध्ये मानेचा पुढचा अभ्यास आणि हात. चारही झाल्यावर क्रेडेन्शियलिंग, म्हणजे अधिकृत पात्रतेची, परीक्षा देता येते. त्यानंतर हवा असेल तर डिप्लोमा, पण तो वेगळाच डोंगर आहे. पूर्वी प्रत्येक भाग सलग काही दिवस वर्गात बसून व्हायचा. आता बऱ्याच ठिकाणी सिद्धांताचा भाग आधी ऑनलाइन करून मग प्रत्यक्ष सरावाला जायचं असतं. कोणाला प्रवेश मिळतो आणि परीक्षेला कोण बसू शकतं हे देशागणिक बदलतं. फिजिओ, कायरोप्रॅक्टर, डॉक्टर एकाच वर्गात बसलेले परदेशात सहज दिसतात.

तपासणीचा कागद

कोर्सचा प्राण म्हणजे तपासणीचा छापील कागद. एक बाजू इतिहासाची, एक हालचालींची. दिसायला साधा आहे, पण भरायला लागलं की कळतं, यात एकही प्रश्न शोभेचा नाही.

दुखणं कधीपासून? कमी होतंय, तेवढंच आहे की वाढतंय? सुरू झालं तेव्हा कुठे होतं आणि आज कुठे आहे? सतत आहे की येतं-जातं? वाकल्यावर, बसल्यावर, बसून उठताना, उभं राहिल्यावर, चालताना, आडवं पडल्यावर काय होतं? सकाळी जास्त की संध्याकाळी? स्थिर असताना की हलताना? मग खोकला-शिंक, लघवीचा त्रास, रात्रीचं दुखणं, वजन घटणं, अपघात, औषधं. इथपर्यंत आलं की पुढे हालचाल कोणत्या दिशेने तपासायची याचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. बसल्यावर वाढणारं आणि चालल्यावर कमी होणारं दुखणं मागे वाकण्याकडे बोट दाखवतं. उभं राहिल्यावर वाढणारं आणि बसल्यावर थांबणारं पुढे वाकण्याकडे. अंदाज म्हणजे निदान नव्हे, हे मात्र शिक्षक वारंवार बजावतात, आणि योग्यच करतात.

दुसऱ्या बाजूला बसण्याची ढब, ती सुधारल्यावर दुखण्यात पडणारा फरक, स्नायूंची ताकद, रिफ्लेक्स, संवेदना आणि मग हालचाली. आधी एकदा वाकायला लावून किती अडतं ते टिपायचं: खूप, मध्यम, थोडं, अजिबात नाही. त्यानंतर तीच हालचाल दहा ते पंधरा वेळा. उभ्याने पुढे, उभ्याने मागे, उताणं झोपून गुडघे छातीशी, पालथं झोपून हातांवर उठणं, गरज पडली तर बाजूला सरकणं. प्रत्येक प्रकाराआधी दुखणं कुठे आणि किती आहे ते विचारायचं, करताना काय होतंय ते विचारायचं आणि थांबल्यावर एक-दोन मिनिटांनी काय उरलं ते विचारायचं.

कोर्सची खरी शिस्त या तीन टप्प्यांत आहे. करताना दुखणं ‘वाढलं’ आणि केल्यानंतर ‘बिघडलं’ या दोन वेगळ्या नोंदी आहेत. करताना कळ वाढली, पण थांबल्यावर आधीइतकीच राहिली, तर दार बंद झालेलं नाही, पुढे जाता येतं. करताना फारसं जाणवलं नाही, पण थांबल्यावर पोटरीत मुंग्या उरल्या, तर तिथेच थांबायचं. पेशंट ओरडला की थांबणारे आणि ओरडला तरी न थांबणारे असे दोन्ही प्रकारचे उपचारक आपण पाहतो; दोघांकडेही निर्णयाचा आधार एकाच क्षणाची प्रतिक्रिया असते. आधी–दरम्यान–नंतर ही मोजणी हाताशी आली की तो आधार बदलतो.

मराठी रुग्णाशी हे प्रश्न नेमके कसे विचारायचे, याची तयारी मात्र स्वतः करावी लागते. कोर्सची भाषा इंग्रजी, तिथले शब्द ठरलेले. आपल्याकडे माणूस ‘ठणकतंय’, ‘चमक भरते’, ‘ओढ लागते’, ‘अवघडलंय’, ‘जड वाटतं’, ‘मुंग्या येतात’ असं बोलतो, आणि यातला प्रत्येक शब्द वेगळं काही सांगत असतो. ‘ओढ लागते’ हे बहुतेकदा हालचालीच्या टोकाला येतं. ‘ठणकतंय’ हे स्थिर असतानाही चालू असतं. शिवाय समोरच्या डॉक्टरांचं मन राखायला ‘हो, बरं वाटतंय’ म्हणायची आपल्याकडे सवय आहे. म्हणून ‘बरं वाटतंय का?’ हा प्रश्नच विचारू नये. ‘मघाशी पोटरीत होतं, आता हात लावून दाखवा कुठंपर्यंत आहे’ असं विचारावं. बोट ठेवून दाखवलेली जागा खोटं बोलत नाही.

आणखी एक दुरुस्ती आपल्याला करावी लागते. कागदावरचं ‘बसणं’ म्हणजे खुर्चीवरचं बसणं. इथे मांडी घालून जेवणं, उकिडवं बसून भांडी घासणं, वाकून झाडू मारणं, दुचाकीवर खड्ड्यांतून जाणं हे सगळं दिवसात असतं. खुर्चीवर बसल्यावर काही होत नाही म्हणणारी बाई मांडी घालून पोळ्या लाटताना दहाव्या मिनिटाला कंबर धरून उठते. मांडी घातली की बहुतेकांची श्रोणी मागे कलते आणि कंबर गोल होते, म्हणजे ती पुढे वाकण्याचीच स्थिती झाली, तीही सलग धरून ठेवलेली. कागदाच्या समासात ‘मांडी, उकिडवं, दुचाकी’ असे तीन शब्द लिहून घ्यावेत.

तीन नावं आणि चौथा कप्पा

तपासणीच्या शेवटी रुग्णाला चारपैकी एका कप्प्यात तात्पुरतं बसवायचं असतं. डिरेंजमेंट हा सर्वांत मोठा कप्पा: दुखण्याची जागा आणि तीव्रता बदलती, हालचाल अडलेली, आणि एका विशिष्ट दिशेने वारंवार हालचाल केली की दुखणं कमी होऊन हालचाल मोकळी होते. त्या दिशेला डायरेक्शनल प्रेफरन्स म्हणतात. डिसफंक्शन म्हणजे आखडलेला, व्रण धरलेला भाग: दुखणं फक्त टोकाला, सोडलं की लगेच थांबतं, आणि सहसा मूळ दुखापतीला सहा-आठ आठवडे उलटून गेलेले असतात. पोश्चरल म्हणजे तपासणीत काहीच सापडत नाही, फक्त बराच वेळ वाईट बसल्यावर दुखतं. या तिन्हींत न बसणारं ते ‘इतर’, आणि तिथे गंभीर आजारांपासून पाठीच्या नळीच्या अरुंदपणापर्यंत बरंच काही येतं.

हे वर्गीकरण वेळकाढूपणा नाही, कारण उपचाराचा सूर कप्प्यानुसार उलटतो. डिरेंजमेंटमध्ये दुखणं खाली पसरलं की थांबायचं. डिसफंक्शनमध्ये दर वेळी टोकाचं दुखणं मुद्दाम निर्माण करायचं असतं, नाहीतर आखडलेली ऊती बदलणारच नाही: दहा वेळा, दर दोन-तीन तासांनी, आणि थांबल्यावर ते दुखणं दहा मिनिटांत विरायला हवं. हे काम आठवड्यांचं आहे, पहिल्याच भेटीत निकाल मागणाऱ्याला ते तसं सांगून टाकावं. दोन कप्प्यांची गल्लत झाली तर एक रुग्ण विनाकारण बिघडतो आणि दुसरा महिनोन्महिने तसाच राहतो.

पालथं झोपून हातांवर उठणं: नेमकं कुठे चुकतं

वर उल्लेखलेल्या झेरॉक्सच्या कागदावरचा व्यायाम वर्गात आल्यावर वेगळाच दिसतो. पहिली गोष्ट, हे भुजंगासन नव्हे. भुजंगासनात पाठीचे स्नायू काम करतात. इथे पाठ, नितंब आणि पाय पूर्ण सैल सोडायचे, वर उचलण्याचं सगळं काम हातांनी करायचं. नितंब आवळले की कमरेची हालचाल अडते. ओटीपोट गादीवरून उचललं गेलं तर मणका टोकापर्यंत जातच नाही, नुसतं शरीर वर येतं. कोपरं पूर्ण सरळ होईपर्यंत जायचं आणि वर पोचल्यावर श्वास सोडून कंबर खाली लोंबू द्यायची. हा लोंबण्याचा क्षण नव्वद टक्के जागी राहूनच जातो असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण राहतो खरा.

चार-पाच वेळा करून थांबणं ही दुसरी चूक. पहिल्या काही वेळा दुखणं वाढू शकतं. सातव्या-आठव्या वेळेला ते बदलायला लागतं. लवकर थांबवलं तर बदल दिसायच्या आतच ‘याला चालत नाही’ असा शेरा पडतो. तिसरी चूक गादीची. मऊ कापसाच्या किंवा फोमच्या गादीत तळहात रुततात आणि मिळवायची ती वाक निम्मी होते. घरी जमिनीवर सतरंजी किंवा पातळ चटई, हे उत्तम. घरचं प्रमाण साधारण दर दोन-तीन तासांनी दहा वेळा. ‘सकाळ-संध्याकाळ’ एवढंच सांगितलं तर मधल्या सहा तासांत ऑफिसची खुर्ची सगळं परत आणते.

त्या खुर्चीसाठी कोर्समध्ये लंबर रोल दाखवतात. विकत घ्यायलाच हवा असं नाही. आंघोळीचा टॉवेल घट्ट गुंडाळून दोन रबरबँड लावले आणि पट्ट्याच्या किंचित वरच्या खळग्यात ठेवला की काम होतं. तो फार खाली, माकडहाडापाशी सरकला तर उलट श्रोणी पुढे ढकलली जाऊन माणूस आणखी घसरून बसतो.

आता लॅटरल शिफ्ट, म्हणजे धड एका बाजूला सरकलेलं. भाग ए मधली ही सर्वांत मोलाची शिकवण आहे आणि झेरॉक्सच्या कागदावर तिचा मागमूसही नसतो. रुग्ण उभा राहिला की खांदे उजवीकडे आणि कटी डावीकडे गेलेली दिसते. याला उजवी शिफ्ट म्हणायचं, नाव वरच्या धडाच्या दिशेवरून. अशा माणसाला सरळ पालथं झोपवून हातांवर उठवलं तर पायातली कळ खाली उतरते आणि दोष पद्धतीवर येतो. आधी शिफ्ट काढायची. उपचारक खांदे ज्या बाजूला सरकले त्या बाजूला उभा राहतो, रुग्णाचं कोपर वाकवून त्याच्याच बरगडीशी धरायला सांगतो, त्यावर आपला खांदा टेकवतो, दोन्ही हातांनी पलीकडची कटी आपल्याकडे ओढतो आणि खांद्याने धड पलीकडे ढकलतो. हळूहळू, सोडत-दाबत, मध्यरेषा किंचित ओलांडेपर्यंत. मग, आणि मगच, मागे वाकणं. घरी भिंतीला कोपर टेकवून कटी भिंतीकडे सरकवायची, दहा वेळा.

नजरेने शिफ्ट ओळखण्यात दोन तपासनीसांचं एकमत फारसं होत नाही, हे अभ्यासांतही दिसलं आहे. काही माणसं जन्मापासूनच थोडी वाकडी उभी राहतात. म्हणून दिसणारा वाकडेपणा दुखण्याबरोबर आला का, आणि दोन्ही बाजूंना सरकवून पाहिल्यावर लक्षणं बदलतात का, हे दोन प्रश्न सुटल्याशिवाय हात लावू नये.

कायरोप्रॅक्टरसाठी यात वेगळं काय

१८९५ मध्ये डेव्हनपोर्ट, आयोवा इथे डी. डी. पामर यांनी सुरू केलेल्या परंपरेत बोटांनी चाचपून अडलेला मणका शोधायचा आणि त्यावर झटक्याचा दाब द्यायचा, हा मूळ क्रम. अडचण अशी की चाचपून मणक्याची ‘अडकलेली’ पातळी ठरवण्यात दोन अनुभवी हातांचंही उत्तर अनेकदा जुळत नाही. एमडीटीत पातळी नेमकी कोणती यावर फार भर नसतो. दिशा कोणती यावर असतो. दिशा रुग्णाच्या स्वतःच्या हालचालीने सापडते, ती त्याच दिवशी पडताळता येते आणि घरी जाऊन त्याला परत वापरताही येते.

जोर वाढवण्याची पायरी ठरलेली आहे. आधी त्या स्थितीत नुसतं पडून राहणं, मग रुग्णाची स्वतःची हालचाल, मग रुग्णानेच टोकाला दिलेला जादा दाब, मग उपचारकाचा दाब, मग मोबिलायझेशन, म्हणजे उपचारकाने हाताने सावकाश दिलेली हालचाल, आणि अगदी शेवटी झटका. वरची पायरी तेव्हाच, जेव्हा खालच्या पायरीने फायदा होतो पण टिकत नाही किंवा पूर्ण होत नाही. ज्यांच्या हातात थ्रस्टचं, म्हणजे झटक्याचं, कौशल्य आधीपासून आहे त्यांना ही शिडी खरोखर उपयोगी पडते, कारण झटका कोणाला, कोणत्या दिशेने आणि कधी, याला आता आधार मिळतो. मात्र थ्रस्ट शिकायला म्हणून या चार भागांत येऊ नये. तो इथला विषय नाही.

भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. त्या पोकळीत शनिवार-रविवारच्या ‘ॲडजस्टमेंट’ कार्यशाळा आणि कडकड आवाजाचे व्हिडिओ वाढत चालले आहेत. दोन दिवसांत मानेचा झटका शिकवणाऱ्या, पण मान तपासायला अर्धा तासही न देणाऱ्या शिक्षणाचा आम्हाला मनापासून राग येतो. चक्कर, दोन-दोन दिसणं, बोलणं जड होणं, गिळायला त्रास, अचानक कोसळणं ही लक्षणं विचारल्याशिवाय, आणि शर्टाची बटणं लावताना किंवा साडीला पिन लावताना बोटं अडखळतात का हे पाहिल्याशिवाय कोणत्याही मानेला टोकापर्यंत नेऊ नये. भाग बी मध्ये ही चाळणी नीट शिकवतात. मानेचं मूळ हत्यार म्हणजे रिट्रॅक्शन, हनुवटी जमिनीला समांतर ठेवून डोकं सरळ मागे. हमखास चूक अशी की हनुवटी वर जाते, किंवा खाली दबून मान पुढेच वाकते; आणि कंबर गोल करून बसलेल्या माणसाला ते जमतच नाही, म्हणून मानेआधी कंबर बसवावी लागते.

सी आणि डी बद्दल थोडक्यात. खांदा, गुडघा, कोपर यांनाही तीच पद्धत लागू होते, आणि त्याआधी मणका तपासायचा ही सवय लागते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फक्त हातापायाचं दुखणं घेऊन आलेल्या ३६९ जणांपैकी ४३.५ टक्क्यांच्या दुखण्याचं मूळ मणक्यात निघालं. तपासणारे या पद्धतीत तरबेज होते, त्यामुळे आकडा जसाच्या तसा आपल्या ओपीडीला लावू नये, पण गुडघ्यावर महिनाभर मशीन लावण्याआधी कंबर दहा वेळा मागे वाकवून बघायला पाच मिनिटं लागतात.

पुरावा काय म्हणतो

कोर्स विकणारे जेवढं सांगतात तेवढं नाही, आणि टीका करणारे म्हणतात तितकं कमीही नाही. १९९८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये चर्किन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. कंबरदुखीचे ३२१ रुग्ण. काहींना मॅकेंझी, काहींना कायरोप्रॅक्टिक झटके, काहींना नुसती माहितीपुस्तिका. पहिल्या दोन गटांत फरक नव्हता आणि पुस्तिकेपेक्षा ते जेमतेमच सरस ठरले. दोन वर्षांचा खर्च मात्र अनुक्रमे ४३७, ४२९ आणि १५३ डॉलर. दोन्ही पंथांनी हा आकडा भिंतीवर लावून ठेवण्यासारखा आहे.

पण त्या अभ्यासात रुग्णांची निवड दिशेच्या प्रतिसादावरून केलेली नव्हती. २००४ मध्ये लाँग आणि सहकाऱ्यांनी ३१२ जणांना आधी तपासलं, त्यांतल्या ७४ टक्क्यांमध्ये दिशेची पसंती सापडली, आणि मग त्यांना त्या दिशेचे, उलट दिशेचे किंवा दिशाहीन व्यायाम दिले. योग्य दिशेचा गट स्पष्टपणे पुढे गेला. इतर दोन गटांतले सुमारे एक तृतीयांश लोक फरक पडत नाही किंवा बिघडतंय म्हणून दोन आठवड्यांत बाहेर पडले. डेन्मार्कमधल्या २०११ च्या अभ्यासात दुखणं सरकणाऱ्या ३५० रुग्णांत दोन महिन्यांनी मॅकेंझीचं यश ७१ टक्के, तर झटक्याच्या उपचाराचं ५९ टक्के. उलट, ताज्या कंबरदुखीवरच्या २०२३ च्या कॉक्रेन आढाव्याने (अनेक अभ्यास एकत्र तोलणाऱ्या) सरसकट वापरात रुग्णाला जाणवेल असा मोठा फायदा दिसत नाही असा निष्कर्ष काढला, तोही कमी खात्रीच्या पुराव्यावर. हे सगळं एकत्र वाचलं की कळतं, किंमत व्यायामाला नाही, निवडीला आहे. आणि निवड विश्वासार्ह ठरते ती चारही भाग आणि परीक्षा पार केलेल्यांच्या हातात. एखादाच भाग करून आलेल्यांची उत्तरं आपापसांत जुळत नाहीत.

जिथे कोर्स कमी पडतो

वर्गातला सराव एकमेकांवर करायचा असतो आणि सोबतचे बहुतेक जण धडधाकट असतात. हातांची जागा आणि जोर कळतो, पण दुखणं सरकताना बघायला मिळत नाही. ती उणीव शिक्षकांनी खऱ्या रुग्णाची तपासणी करून दाखवण्याने भरून निघते. तोच रुग्ण दुसऱ्या दिवशी परत आला तर फारच उत्तम, कारण रात्रभरात फायदा टिकला का, हे सर्वांसमोर कळतं. नाव नोंदवण्याआधी एकच प्रश्न विचारावा: खरा रुग्ण असणार आहे की फक्त व्हिडिओ?

धोक्याच्या खुणांची यादी चांगली आहे, पण तिचा तोल पाश्चात्त्य दवाखान्यांचा आहे, कर्करोग आणि हाडांची ठिसूळता यांच्याकडे झुकलेला. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग त्या यादीत वर असायला हवा. संध्याकाळी येणारा बारीक ताप, रात्रीचा घाम, घटलेलं वजन, एका मणक्यावर ठोकल्यावर दुखणं, विश्रांतीनेही न थांबणारं दुखणं आणि कोणत्याच दिशेने न बदलणारा प्रतिसाद दिसला की व्यायाम बंद करून ईएसआर, सीआरपी या रक्ततपासण्या आणि एमआरआयसाठी पाठवायचं. तरुण आहे, नोकरदार आहे, म्हणून डिस्कचंच, म्हणजे मणक्यांमधल्या चकतीचंच, दुखणं असणार असं गृहीत धरू नये. जांघेतली बधिरता, लघवी अडकणं किंवा दोन्ही पायांतली ताकद जाणं असेल तर त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय.

भीती, झोप, कामावरचा ताण यांचा दुखण्याशी असलेला संबंध शिकवला जातो, पण हात राखून. वर्षानुवर्षं दुखणाऱ्या माणसासाठी याच्या जोडीला वेगळं शिक्षण लागेल.

दुखणं गेल्यानंतरचा टप्पा, म्हणजे पुढे वाकणं परत आणणं, वर्गात घाईत उरकला जातो आणि नंतर क्लिनिकातही. रुग्णाचं दुखणं गेलं की त्याला ‘आता कधीच वाकू नका’ असं सांगून सोडणं हे अर्धवट काम आहे. मागे वाकणं पूर्ण मोकळं झालं आणि काही दिवस दुखणं परतलं नाही की उताणं झोपून गुडघे छातीशी आणायला सुरुवात करायची, पाच-सहा वेळा, आणि लगेच पालथं होऊन दहा वेळा हातांवर उठून वाक कमी झाली नाही ना ते पाहायचं. सकाळी उठल्या उठल्या हे करायचं नाही; रात्रभर आडवं राहिल्याने चकत्या फुगलेल्या असतात आणि त्या वेळी वाकण्याचा ताण जास्त बसतो. शेतात भात लावणाऱ्या, धुणंभांडी करणाऱ्या माणसाला वाकल्यावाचून गत्यंतर नाही, त्यामुळे आपल्याकडे हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा.

नाव नोंदवताना

महाराष्ट्रात नोंदणीकृत फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टनी त्या तारखेच्या कोर्सला राज्य परिषदेचे निरंतर शिक्षणाचे गुण मिळणार आहेत का, हे आयोजकांकडून लेखी घ्यावं. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या मराठी कायरोप्रॅक्टरांनी आपल्या मंडळाच्या निरंतर शिक्षणाच्या तासांत प्रत्यक्ष आणि ऑनलाइन यांची वाटणी कशी मोजली जाते ते आधी तपासावं. मिश्र स्वरूपाच्या कोर्समध्ये इथेच घोळ होतो. सरावासाठी सैल कपडे, हाफ पँट, आणि एक स्वतःचा पंचा.

ए झाल्यावर लगेच पुढच्या महिन्यात बी करू नये. मधे निदान तीस रुग्णांचे कागद पूर्ण भरावेत, इतिहासाच्या प्रत्येक रकान्यासह, आणि पहिल्या भेटीनंतर चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत दुसरी भेट ठेवावी. त्या भेटीत रुग्णाला व्यायाम आधी करून दाखवायला सांगावं. जिथे फायदा टिकलेला नसेल तिथे बहुतेक वेळा ओटीपोट गादीवरून उचललेलं सापडेल.